निराधारचा अर्ज नामंजूर झाला: अपील करावं की सरळ नवा अर्ज भरावा?

केंद्रचालक

गेली नऊ वर्षं तालुक्याच्या गावात सेतू, म्हणजे सरकारी दाखले-अर्जांचं केंद्र, चालवतोय. पाटीवर आता काहीही लिहिलेलं असो, लोक सेतूच म्हणतात. गावाचं नाव सांगत नाही, उद्या त्याच कचेरीत जायचंय.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ, दोन्हीचे अर्ज माझ्याकडून जातात. माहीत नसणाऱ्यांसाठी: विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराचे रुग्ण वगैरे 65 च्या आतले असतील तर संजय गांधी, 65 च्या पुढे श्रावणबाळ. महिना 1500, अपंगांना आता 2500. अर्ज तहसीलला, मंजुरी तालुका समितीची.

परवा एक आजी आल्या. साडीच्या दुकानाच्या पिशवीत कागद, पिशवीला वरून तीन रबरं. श्रावणबाळचा अर्ज नामंजूर. फलकावरच्या यादीत नावापुढे दोन शब्द, 'उत्पन्न जास्त'. मुलगा चाकणला कंत्राटी कामावर, चार वर्षांत घरी फिरकलेला नाही, पण नाव एकाच रेशनकार्डावर. म्हणून उत्पन्नाचा दाखला 36,000 चा निघाला. मर्यादा 21,000.

बरोबरचा पुतण्या म्हणाला, अपील करू. मी म्हटलं, नको. रेशनकार्ड वेगळं करा, नवा दाखला काढा, नवा अर्ज टाका. अपील म्हणजे प्रांताची, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याची कचेरी, इथून 40 किलोमीटर. तारीख पडणार, साहेब दौऱ्यावर, पुन्हा तारीख. सत्तरीच्या बाईला एसटीने किती वेळा नेणार? माझ्या केंद्रातून गेलेली अपिलं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं एक मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा अर्जदार वारलेले होते.

माझं मत स्पष्ट आहे. अपील हे ज्याच्याकडे वेळ आहे त्याचं काम. गरिबाने नवा अर्ज भरावा. पटत नसेल तर बोला.

दहा रुपयांचं तिकीट

अजिबात पटत नाही. तुमच्यासारख्यांच्या या 'व्यवहारी' सल्ल्यामुळेच कचेऱ्या सोकावल्यात. नवा अर्ज भरला की जुना कुणी, कशावरून नामंजूर केला हे विचारणारं कुणी उरत नाही. फाइल बंद, विषय संपला. पुढच्या बैठकीत तीच समिती, तेच दोन शब्द.

आधी लेखी कारण मागा. देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 10 रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत. बैठकीचं इतिवृत्त, चौकशी अहवाल आणि प्रकरणावरची टिपणी, एवढंच मागायचं. 30 दिवसांत द्यावंच लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील 20 रुपयांत. चौकशी अहवालाची प्रत हातात आली की निम्मी लढाई तिथंच होते, कारण बहुतेक वेळा चौकशी झालेलीच नसते.

घाटाखालची

@दहा रुपयांचं तिकीट, म्हणजे 1500 रुपयांसाठी आधी माहितीचा अर्ज, मग माहितीचं अपील, मग मूळ अपील. आजी 70 च्या आहेत हो.

दहा रुपयांचं तिकीट

आणि नवा अर्ज काय उद्या मंजूर होणार आहे? नवा दाखला, रेशनकार्ड फोडणं, पुढची बैठक. आठ महिने धरा. 12,000 बुडाले.

केंद्रचालक

अपील जिंकल्यावर मागचे पैसे मिळाल्याचं मी तरी अजून पाहिलेलं नाही. 12,000 दोन्हीकडून बुडतात साहेब.

निवृत्त तलाठी

31 वर्षं नोकरी केली. आता आमच्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नाव बदललं तेव्हा मी घरी बसलेलो होतो. नोकरीत असताना बोललो नसतो ते आता बोलतो.

तुम्ही अपील की नवा अर्ज यावर भांडताय, आणि दुखणं आहे त्या 21,000 च्या आकड्यात. वर्षाला 21,000, तेही सगळ्या कुटुंबाचं. रोजचे 58 रुपये सुद्धा पडत नाहीत. रोजगार हमीची मजुरी 2025-26 मध्ये दिवसाला 312. हिशेब करा, एका घरातल्या कुणीही 68 दिवस काम केलं की ते घर मर्यादेच्या बाहेर. त्या वर्षी कायद्याची हमी होती 100 दिवसांची. एका खात्याने दिलेलं काम माणसाने पूर्ण केलं तर दुसऱ्या खात्याच्या लेखी तो निराधार उरत नाही.

मग आम्ही काय करायचो? 20,000 लिहायचो. 20,500 लिहायचो. समोरच्या म्हातारीकडे बघून लिहायचो आणि सरपंचाकडे बघूनही लिहायचो, दोन्ही खरं आहे. सगळा गाव 20,000 च्या आसपास. आणि एखादा नवा पोरगा परीक्षा देऊन तलाठी म्हणून यायचा, प्रामाणिकपणे 36,000 लिहायचा, की ती बाई नापास. म्हणजे खरं लिहिणाऱ्याच्या सज्जात, त्याच्याकडच्या गावांत, गरीब जास्त मरायचे. अनुदान 2019 मध्ये 600 चं 1000 झालं, 2023 मध्ये 1500. मर्यादेला मात्र कुणी हात लावला नाही. अपंगांसाठी ती 50,000 आहे, बाकीच्यांना 21,000.

अपिलात प्रांत काय करणार? दाखला 36,000 चा असेल तर त्यालाही नामंजूरच लिहावं लागतं. तेवढ्यापुरतं केंद्रचालकांचं बरोबर आहे.

स्पष्ट बोलतो

वा. एक सरकारी माणूस कबूल करतोय की आम्ही खोटे दाखले दिले आणि सगळे माना डोलवतायत. दुसरा सल्ला देतोय की रेशनकार्ड फोडा. म्हणजे कागदावर घर मोडा आणि पैसे उचला. आमच्या गावात दोन मजली घर, दारात बोलेरो आणि आई श्रावणबाळमध्ये, अशी माणसं आहेत. नामंजुरी झाली की लगेच अन्याय? कधीतरी नामंजुरी योग्यही असते.

आणि मुलगा चाकणला कमावतोय ना? मग त्याने सांभाळावं. 2007 चा कायदा आहे आईवडिलांच्या निर्वाहाचा. प्रांताकडेच अर्ज करायचा, महिना 10,000 पर्यंत पोटगी लावता येते. सरकारच्या 1500 साठी रडण्यापेक्षा मुलाला नोटीस धाडा.

घाटाखालची

आईने मुलावर केस करायची. लिहायला सोपं आहे.

माझ्या मावशीला सुचवलं होतं हेच. ती म्हणाली, "त्यो येत न्हाई ते मला परवडतं, पर उद्या मेल्यावर तरी यायला नको का?" संपला विषय.

आणि बोलेरोवाल्याची तक्रार करा की खुशाल. त्याच्यापायी या आजीचं का अडवायचं? बोलेरोवाला कधी नामंजूर होतच नाही, त्याचा कागद आधीच 20,000 चा असतो.

स्पष्ट बोलतो

तक्रार केलीय. उत्तर आलेलं नाही. म्हणजे तो तुमचा दहा रुपयांचा रस्ता मलाही लागू दिसतोय.

अंगणवाडीताई

21,000 चा विषय निघालाच आहे तर एक सांगते, आमच्या वाडीत सध्या हीच बोंब आहे. लाडकी बहीणला वयोमर्यादा 21 ते 65 आणि कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. महिना 1500. आता घरचं उत्पन्न 60,000 असलेली बाई घ्या. 64 व्या वर्षी तिला 1500 मिळतात. पासष्टी ओलांडली की लाडकी बहीण बंद. मग तिने श्रावणबाळला अर्ज करायचा, तिथे 21,000. नामंजूर. म्हणजे हातपाय चालत होते तोवर पैसे, गुडघे गेले की बंद. त्या बाया माझ्याकडे येऊन विचारतात, ताई आमचं काय चुकलं? मी काय सांगू, वय चुकलं म्हणू?

तिने अपील कुणाविरुद्ध करायचं ते सांगा. समितीने नियमानेच नाकारलंय. अशा ठिकाणी अपीलही नको आणि नवा अर्जही नको, आमदाराला गाठा.

कोयता

मी ऊसतोड्याचा मुलगा. शिकलो म्हणून इथे लिहितोय. अपिलाच्या बाजूने आहे, कारण आमचं काम अपिलानेच झालं.

भाऊ मूकबधिर, 75 टक्के. संजय गांधीला अर्ज केला. चौकशी झाली जानेवारीत. जानेवारीत आमच्या वस्तीवर कोण असतं? दिवाळी झाली की टोळ्या निघतात, सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकात. दाराला कुलूप. शेजारच्या किराणावाल्याला विचारून अहवाल लिहिला, 'अर्जदार गावी वास्तव्यास नाही'. योजनेला 15 वर्षांचा रहिवास लागतो. नामंजूर.

वडिलांनी नवा अर्ज केला, केंद्रचालक, तुमच्यासारख्याच एका भल्या माणसाचं ऐकून. पुढच्या वर्षी पुन्हा चौकशी, पुन्हा हंगाम, पुन्हा कुलूप. तेच वाक्य, मागच्याच अहवालावरून उतरवलेलं. दोन वर्षं गेली. तिसऱ्या वेळी मी प्रांताकडे अपील केलं. वकील नाही. दोन पानी अर्ज हातानं लिहिला. सोबत भावाच्या शाळेचे दाखले, जुन्या मतदार यादीत आईवडिलांची नावं, घरपट्टीच्या पावत्या आणि मुकादमाकडची उचलीची चिठ्ठी, ज्यावर आमचं गाव लिहिलेलं. सुनावणीत साहेबांनी एकच विचारलं, "मग उन्हाळ्यात कुठे असता?" वडील म्हणाले, "घरी, साहेब. दुसरं कुठं जाणार?" त्यांनी पुन्हा चौकशी करायला लावली, मे महिन्यात. मंजूर झालं. दोनदा जावं लागलं, भाड्यासकट खर्च आठशेच्या आत.

सांगायचं इतकंच की चूक चौकशीत असेल तर नवा अर्ज हजार वेळा करा, तीच चूक हजार वेळा होईल. आजीच्या दाखल्याचं वेगळं आहे, तो कागदच बदलायला हवा. पण त्या बाईला लेखी कारणच दिलेलं नाही. 'उत्पन्न जास्त' हे तरी खरं कारण आहे का, ते तिला कसं कळणार?

भावाला 2025 च्या ऑक्टोबरपासून 2500 लागू झाले. अपंगांचे वाढले, बाकीच्यांचे नाही, म्हणून आई कुणाला सांगत नाही वस्तीवर.

दहा रुपयांचं तिकीट

@कोयता, मुजरा. मला जे दोन प्रतिसादांत सांगता आलं नाही ते तुम्ही सांगितलंत.

निवृत्त तलाठी

कुलपाचं वाचून गप्प झालो. मीही किराणावाल्याला विचारून अहवाल लिहिलेत. एका सज्जात पाच गावं, दुष्काळाचे पंचनामे, निवडणुकीची कामं, त्यात चौकशी म्हणजे मोटारसायकलवर बसल्या बसल्या. सबब म्हणून सांगत नाही, होतं असं.

केंद्रचालक, दोन गोष्टी. रेशनकार्ड वेगळं करून उत्पन्नाचा दाखला पुन्हा मागाल तेव्हा तो अडकला तर 2015 चा सेवा हक्क कायदा आहे. नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं आणि 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. दाखल्याचं अपील आणि निराधारच्या मंजुरीचं अपील ही दोन वेगळी प्रकरणं, लोक घोळ करतात. दुसरं, वयाचा पुरावा नीट बघा. आजींच्या आधारवर 1 जानेवारी असणार, त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस 1 जानेवारीच आहे. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलंय की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे. मतदार यादीचा उतारा किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला जोडा. एकाच वेळी एकच त्रुटी दाखवायची कचेरीला सवय असते. उत्पन्नाचं मिटलं की वयाचं काढतील.

स्पष्ट बोलतो

रेशनकार्ड फोडण्याला माझा विरोध कायम आहे, नोंद घ्यावी. ती खरोखर एकटी राहत असेल तर ठीक.

केंद्रचालक

एकटी राहते. मी घर पाहिलंय, चूल आणि एक खाट.

कोयता, तुमचं वाचून काल रात्री जरा डोकं चाललं. नऊ वर्षांत मी लोकांना किती नवे अर्ज भरायला लावले असतील आणि त्यातल्या किती घरांना तुमच्यासारखं कुलूप असेल, माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. 'नामंजूर' म्हटलं की पुढचा फॉर्म काढायचा, ही माझीच सवय. फी मलाच मिळते हेही आहे, लपवत नाही.

घाटाखालची

बरं, आजींचं पुढे काय ते कळवा.

केंद्रचालक (आठ दिवसांनी)

कळवतो. सोमवारी आजी आणि पुतण्या आले होते. लेखी कारण आणि चौकशी अहवाल मागणारा अर्ज केला. आजींचा अंगठा घ्यायचा होता तर शाई उठेना, रेघा झिजून गेल्यात. हयातीच्या दाखल्यालाही मशीनवर हेच होतं त्यांच्या वयाच्या लोकांचं. शेवटी ओल्या फडक्याने बोट पुसून तिसऱ्यांदा उमटला.

आवक विभागातले म्हणाले, "निराधारचं तिकडे द्या." तिकडचे म्हणाले, "आवकला द्या." तिसऱ्या फेरीत शिक्का मिळाला, पण इतका फिकट की क्रमांकच दिसेना. त्यांच्याच समोर पेनाने गिरवून घेतला.

दहा रुपयांचं तिकीट

शाब्बास. नवा अर्जही भरलात ना?

केंद्रचालक

भरला. रेशनकार्डाचाही. त्याची फी घेतली नाही, स्पष्ट बोलतो यांनी नोंद घ्यावी.