वॅगनआरमध्ये गिअर ऑइल घरी भरायचंय, लेव्हल कशी कळणार?

साताराकर_के१०
नमस्कार मंडळी. गाडी वॅगनआर २०१२, पेट्रोल, ९८ हजार किमी. दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये क्लच प्लेट बदलून घेतली आणि साधारण पंधरा दिवसांनी जाणवायला लागलं की सकाळी पहिल्यांदा दुसरा गिअर टाकताना कर्र करतो, आणि हायवेला पाचव्यात ८० च्या पुढे गेलं की बारीक कुईंऽऽ असा आवाज येतो, हा आवाज आधी कधीच नव्हता. म्हणून बिल काढून बघितलं तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी सगळं आहे पण गिअर ऑइल कुठेच नाही. जाऊन विचारलं तर म्हणाले होतं तेच परत टाकलंय. मला काही पटलं नाही, आता त्यांच्याकडे गाडी द्यायची इच्छाच उरली नाही.

तर स्वतः भरायचा विचार आहे. इंजिन ऑइल मी घरीच बदलतो, पाने आहेत, गाडीसोबत आलेला जॅक आहे. पण गिअरबॉक्सला डिपस्टिकच नाहीये, मग किती भरलं ते कळणार कसं? आणि दुकानदाराने ८०डब्ल्यू-९० चा कॅन दिलाय त्यावर जीएल-५ (गिअर ऑइलचा प्रकार) लिहिलंय, म्हणाला हे जीएल-४ पेक्षा भारी. वडील म्हणतात राहिलेलं इंजिन ऑइलच ओत. काय करू?

घाटवाट
तो जीएल-५ चा कॅन उघडू नकोस, आहे तसा परत कर. भारी-हलकं असं काही नसतं त्यात. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसवाली अ‍ॅडिटिव्ह जास्त असतात, ती जीपच्या, ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलसाठी (मागच्या चाकांमधला दातेरी गोळा). आपल्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोच्या रिंगा (गिअर टाकताना दोन्हींचा वेग जुळवून घेणाऱ्या) पितळी असतात, त्यांना ते मानवत नाही, शिवाय रिंगला पकड लागते आणि ते ऑइल जास्त निसरडं, म्हणजे गिअर आणखी कर्र करणार. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तोच ग्रेड आण, जीएल-४ बघून. इंजिन ऑइलचं वडिलांना समजावून सांग, काही होंडा गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये अडीअडचणीला १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल चालतं असं दिलेलं होतं पण ते तात्पुरतं आणि त्या गाड्यांपुरतं.

लेव्हलचं सोपं आहे. गिअरबॉक्सच्या बाजूला जो फिलर नट असतो तोच लेव्हल नट. गाडी सपाट जागी उभी, भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल आलं आणि बाहेर धार लागली की झालं, धार थांबून थेंब थेंब होऊ दे आणि नट लाव. फक्त पुढून जॅक लावून नाक वर केलेल्या गाडीत ही लेव्हल खोटी येते, तिथे खूप जण फसतात.

जुना_पाना
मी ३१ वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. तुझं वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत क्लच प्लेट काढायची तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो आणि त्यासाठी दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकांना जाणारे दांडे) ओढावे लागतात, शाफ्ट ओढला की तिथून ऑइल वाहतंच. ते ट्रेमध्ये धरून, त्यात पडलेली माती-कचरा सकट परत ओतणं हे मी माझ्या पोरांना कधी करू दिलं नाही. तुझ्या गाडीत ऑइल कमी आहे असंच मला वाटतं कारण आवाज पाचव्यात येतोय. बऱ्याच गाड्यांत पाचवा गिअर अगदी टोकाला वेगळ्या कव्हरखाली बसतो, ऑइल उतरलं की आधी तो कोरडा पडतो. म्हणून सांगतो, भरेपर्यंत हायवेला काढू नकोस गाडी.

आधी एक खात्री कर. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघ, मग चालू करून क्लच पूर्ण दाबून रिव्हर्स टाक. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना रिव्हर्सला खर्र होतं तर क्लच नीट सुटत नाहीये, केबल अ‍ॅडजस्ट करायला हवी, त्यात ऑइलचा दोष नाही.

आता काम. दहा पंधरा मिनिटं गाडी हळू फिरवून आण, ऑइल कोमट होतं आणि पूर्ण निघतं. आणि हे नीट लक्षात ठेव, आधी वरचा फिलर नट सोडव, तो सुटल्याशिवाय खालच्या ड्रेन नटला हात लावायचा नाही. माझ्याकडे एक मुलगा टो करून गाडी घेऊन आला होता, त्याने आधी खालून सगळं ऑइल सोडलं आणि वरचा नट जाम, पाना घसरून डोकं गोल झालं, गाडी कोरडी आणि भरायला वाट नाही. नट घट्ट असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेव, पूर्ण बसणारीच गोटी (सॉकेट) वापर. केस अ‍ॅल्युमिनियमची असते, लावताना पहिले दोन-तीन आटे बोटानेच फिरव, आटे गेले तर मोठा खर्च. वायसर असेल तर नवीन टाक, वायसर नसून आट्यांना सीलंट लावलेलं दिसलं तर जुनं साफ करून पुन्हा तसंच लाव.

ड्रेन नटला चुंबक असेल तर त्यावर काजळासारखी राखाडी पेस्ट दिसेल, ती बोटांत चोळून बघ. मऊ लागली तर झीज आहे, चालायची. टोचणारे तुकडे, दाताचा कपचा सापडला तर तिथेच थांब.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या गाडीच्या जॅकवर जाऊ नकोस रे बाबा. विटा, लाकडी ओंडके पण नको. स्टँड घे चार, किंवा वॉशिंगवाल्याचा रॅम्प तासभर माग, तिथे गाडी सपाटही राहते.

चिपळूण_होंडा
काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी एकच भर घालतो. बाहेर आलेल्या ऑइलचा रंग बघ. २०२१ च्या जुलैतल्या पुरात आमची गाडी चाकांच्या वरपर्यंत पाण्यात होती, इंजिनचं सगळं केलं पण गिअरबॉक्सचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नट उघडला तर दुधाच्या चहासारखं ऑइल आलं, गिअरबॉक्सला श्वास घ्यायला ब्रीदर असतो तिथून पाणी शिरतं. दोनदा भरून, थोडं चालवून, काढून टाकलं तेव्हा तिसऱ्यांदा स्वच्छ आलं.

भरायला ६० मिलीची सिरिंज आणि त्याला बसणारी नळी घे, मेडिकलमध्ये मिळते. पूर्ण भरायचं म्हणजे ३० पेक्षा जास्त वेळा ओढावी लागते, हात भरून येतात. बॉनेटमधून दीड मीटर नळी सोडून वर नरसाळं बांधता आलं तर उत्तम, फक्त कॅन आधी उन्हात ठेव नाहीतर काकवीसारखं उतरत बसतं. आणि जुने कपडे घाल, त्या ऑइलचा वास दोन धुण्यांत जात नाही.

साताराकर_के१०
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी केलं. क्लचची चाचणी आधी केली, रिव्हर्स न कुरकुरता पडला. वॉशिंग सेंटरचा रॅम्प मिळाला, काकांनी सांगितलं तसा फिलर नट आधी, शनिवारी स्प्रे मारून ठेवला होता तरी पान्याला पाइप लावावा लागला. नट सुटला तेव्हा आत करंगळी घातली, काहीच लागलं नाही. खालून निघालेलं ऑइल मोजायच्या मगमध्ये घेतलं, सव्वा लिटरच भरलं, काळं, पण चुंबकावर मऊ पेस्टच होती. नवीन जीएल-४ धार लागेपर्यंत भरलं तर दोन लिटरच्या वर गेलं. पाचव्यातला आवाज खूपच कमी झालाय, गेला मात्र नाही. दुसरा गिअर सकाळी एकदाच अडखळला.

एक शंका, डाव्या शाफ्टजवळ ओलसर दिसतंय, पुसलं तर संध्याकाळी परत बोटाला लागलं. आणि जुन्या ऑइलचं काय करू?

जुना_पाना
छान केलंस, घाई केली नाहीस ते बरं झालं. ओलं दिसतंय ते ऑइल सीलचं (शाफ्टभोवतीची, ऑइल अडवणारी रबरी रिंग), शाफ्ट घालताना सीलची कड दुमडली असणार. सील स्वस्त असतं, मजुरीच काय ती. बदललं की लेव्हल परत बघायची कारण शाफ्ट काढताना पुन्हा सांडणार. तोपर्यंत आज रात्री डाव्या बाजूला खाली पुठ्ठा टाकून ठेव, सकाळी किती थेंब पडलेत ते मोज आणि इथे लिही. आवाजाचं सील झाल्यावर हजार किमी चालवून मग बोलू, बेअरिंगला थोडं लागलेलं असू शकतं.

जुनं ऑइल गटारात नको, झाडाखाली तर अजिबात नको. त्याच कॅनमध्ये भर आणि ज्या गॅरेजमध्ये वापरलेल्या ऑइलचा ड्रम असतो तिथे नेऊन दे, रिसायकलवाले येऊन घेऊन जातात.