भोंगा मोठ्यांनाही लागू हवा
मुलांचं मोबाइलवेड कसं सोडवायचं या इथल्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, मोबाइल काढून घेतला की मुलगा आकाशपाताळ एक करतो. एकट्या त्याचाच काढला तर करणारच की! सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा विषय अजून निघाला नाही, म्हणून लिहितो. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेपायी पोरांच्या हातात आलेला मोबाइल पुढे सुटेना, तेव्हा गावाने २०२२च्या १५ ऑगस्टपासून देवळावर भोंगा सुरू केला. संध्याकाळी ७ ला वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, ते थेट साडेआठपर्यंत. गोम अशी की तो मोठ्यांनाही लागू. आणि वेळ ऐन मालिकांची, हे विसरू नका.

फ्लॅटमध्ये भोंगा कुठून आणणार? आमच्याकडे जेवायला बसण्याआधी सगळ्यांचे फोन फ्रिजवरच्या टोपलीत जातात, आजोबांचासुद्धा. (कुरकुर नातवापेक्षा त्यांचीच जास्त.) चार्जर बेडरूममधून हॉलमध्ये हलवलाय, त्यामुळे पांघरुणात रील्स बघणं आपसूक बंद झालं. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, तो आईच्या फोनवर बघून वहीत उतरवायचा आणि फोन परत द्यायचा. इथे मात्र अजून रोज घासाघीस चालते.