शिट्टी वाजवत जाणारं रॉकेट घरी करता येईल का? (ता. बेळगाव)

किल्लेवाला_येळ्ळूर

नमस्कार मंडळी. दिवाळीला गल्लीत किल्ला असतोच, यंदा पोरांच्या डोक्यात शिट्टीचं रॉकेट शिरलंय. अकरावी-बारावीची पोरं आहेत. व्हिडिओ बघून दारू घरीच कालवूया म्हणतात. तीन गोष्टी नीट सांगा.

शिट्टी नेमकी येते कुठनं, आणि आवाज वरच्या पट्टीतून खाली का उतरत जातो? दुकानातलं रॉकेट कधीकधी शिट्टी न वाजवता जागेवरच फटकन फुटतं, ते का? आणि घरी काही करायचं झालं तर सुरुवात कुठनं करायची?

जागा म्हणजे गावाबाहेरचं रिकामं रान. एका अंगाला उभा ऊस, दुसऱ्या अंगाला कापलेलं भात आणि पिंजर.

शहापूर_फिजिक्स

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच नळीत आहेत.

शिट्टीची नळी म्हणजे बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर घुमते तसला प्रकार. तळाला दारू ठासून भरलेली, वरचा भाग रिकामा, तोंड उघडं. ही दारू सलग जळत नाही, झटक्याझटक्यानं जळते. प्रत्येक झटक्याचा दाब रिकाम्या भागातून तोंडापर्यंत जातो, तिथनं परतून जळणाऱ्या पृष्ठभागावर येतो आणि पुढच्या झटक्याची वेळ ठरवतो. सेकंदाला हजारो झटके एका तालात आले की कानाला शिट्टी ऐकू येते.

ताल ठरतो रिकाम्या भागाच्या लांबीवर. एका बाजूनं बंद असलेल्या नळीचा सूर म्हणजे आवाजाचा वेग भागिले लांबीच्या चौपट. हवेत वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरा. रिकामा भाग ३ सें.मी. असेल तर सुमारे २८७५ हर्ट्झ, ८ सें.मी. झाला तर सुमारे १०८०. दारू जळत जाते तशी रिकामी नळी लांबते आणि सूर उतरत जातो. नळीतला वायू तापलेला असतो, त्यात आवाजाचा वेग वाढतो, म्हणून फटाक्यात हे आकडे हुबेहूब जुळणार नाहीत. पण उतरण्याचं कारण हेच. त्यात रॉकेट आपल्यापासून लांब पळत असतं. ते ४० मीटरच्या वेगानं गेलं तर सूर आणखी दहाएक टक्के खाली ऐकू येतो.

आता जागेवर फुटण्याचं. ठासलेल्या कांडीला तडा गेला, किंवा ती नळीच्या भिंतीपासून सुटली, की ज्वाला फटीत घुसते. जळायचा पृष्ठभाग एका क्षणात कितीतरी पट वाढतो, वायू तोंडातून बाहेर पडायच्या आत दाब चढतो आणि नळी फुटते. तडा जाण्याची कारणं रोजचीच: खोका उंचावरून पडणं, पावसाळी ओल लागून पुन्हा वाळणं. आपल्याकडं सादळलेले फटाके पत्र्यावर उन्हात वाळवतात, ते अजिबात करू नका. वाळताना कांडी आकसते, तडकते, आणि वरून काहीच दिसत नाही.

दारू घरी कालवण्याबद्दल: मी कृती देणार नाही आणि कुणी दिली तरी घेऊ नका. शिट्टीची दारू ही फटाक्यांतल्या सगळ्यात चिडक्या दारूंपैकी. घासलं, ठासताना हिसका बसला, कपड्यातनं स्थिर विजेची ठिणगी पडली, एवढ्यावर ती पेट घेते. आणि ठासण्याचं काम तर हाताच्या पंजाखालीच चालतं. गंधक आणि क्लोरेट एकत्र असलेल्या फटाक्यांवर आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, कारण ते मिश्रण ओल लागली की नुसतं ठेवल्या जागीसुद्धा पेटू शकतं. व्हिडिओत दाखवणाऱ्याच्या डब्यात नेमकं काय आहे हे तुमच्या पोरांना कळणार नाही.

तिसऱ्या प्रश्नाला मात्र चांगलं उत्तर आहे. खानापूरवाले सांगतील.

निपाणी_स्टॉल

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण दरवर्षी हेच विचारतात. फटाका बनवायला एक्स्प्लोझिव्ह रूल्स २००८ खाली परवाना लागतो. हौस म्हणून घरी थोडा बनवला तरी सूट नाही. विकत घेताना खोक्यावर ग्रीन फटाक्याचं चिन्ह आणि क्यूआर कोड बघा. दिवाळीत वेळ रात्री ८ ते १०, हा २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश. आवाजाची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत नकोच. कर्नाटकात २०२३ साली बेंगळुरूजवळच्या अत्तिबेलेत फटाक्यांच्या गोदामाला आग लागली त्यानंतर मिरवणुका, लग्नं, राजकीय कार्यक्रम यांत फटाके लावायला मनाई जाहीर झाली, तेव्हा मिरवणुकीचा बेत असेल तर आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

दुकानातलं शिट्टी रॉकेट लावायचंच असेल तर काचेची बाटली वापरू नका. बाटली कलंडते आणि रॉकेट आडवं सुटतं. बादलीत ओली वाळू दाबून भरा, त्यात पाऊण मीटरचा अर्धा इंची पाइप सरळ उभा करा. काडी आत ढिली बसली पाहिजे, अडकली की रॉकेट जागेवरच जळतं. काडी वाकडी किंवा मोडकी असेल तर ते रॉकेट बाजूला ठेवा. काडी कापून लहान केली तर ते गरगर फिरतं. लांब अगरबत्तीनं वात पेटवून १५-२० मीटर मागं या. वात विझली तर पंधरा-वीस मिनिटं जवळ जायचं नाही, मग लांबूनच पाणी ओता आणि पाण्याच्या वेगळ्या बादलीत बुडवा.

तुमची जागा मात्र मला पटत नाही. उसाचं वाळलेलं पाचट आणि पिंजर, दोन्हींना एक जळकी काडी पुरते. वाऱ्यावर काडी शंभर मीटरसुद्धा वाहत जाते. भाताचं खळं उरकून पिंजर घरी गेल्यावरही ऊस उभाच असतो. गावातली शाळेच्या मैदानासारखी मोकळी जागा बघा, तीही शाळेला विचारून.

खानापूर_कार्यशाळा

किल्लेवाले दादा, पोरांना पाण्याचं रॉकेट करायला लावा आणि त्याच्यावर शिट्टी बसवा. आग नाही, त्यामुळं तुमचं रानसुद्धा चालतं. रॉकेट ३०-४० मीटर सहज चढतं.

बाटली सव्वा लिटरची, कोल्ड्रिंकचीच घ्या. साध्या पाण्याची बाटली पातळ असते, ती चालत नाही. पाणी एक तृतीयांश, म्हणजे ४०० मि.ली. जास्त भरलं तर वजनच उचलत बसतं. कमी भरलं तर पाणी लगेच संपतं आणि उरलेली हवा नुसती फुस्स करून जाते.

लाँचरला अर्धा इंची जाड पाण्याचा पाइप, बाहेरून २१.३ मि.मी. येतो तो. कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या तोंडात तो बेताचा बसतो. जिथं बाटलीचं तोंड येणार तिथं पाइपवर कानसीनं उथळ खाच पाडून ओ-रिंग बसवा, वर थोडं व्हॅसलीन. खाच खोल गेली तर पाइप तिथंच मोडतो, म्हणून हात हलका ठेवा. बाटलीच्या मानेला जी कॉलर असते तिला धरून ठेवायला पाइपभोवती दहा केबल टाय उभे लावा, डोकी वर, आतल्या बाजूला वळलेली, आणि खाली होज क्लिपनं आवळा. त्या डोक्यांवर घट्ट बसेल असा दीड किंवा दोन इंची पाइपचा ८ सें.मी. तुकडा सरकवा. त्याला दोन बाजूंनी दोरी. दोरी ओढली की तुकडा खाली येतो, डोकी पसरतात, बाटली सुटते. दोरी १० मीटर ठेवा.

पाइपचं खालचं टोक एल्बो लावून फळीवर पक्कं करा. तिथनं फवारणी पंपाची जाड नळी ५ मीटर आणि नळीच्या शेवटी मोटारसायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह. पंप मारणारा बाटलीजवळ नको, म्हणून ही लांबी. पंप गेजवाला घ्या. ६० पीएसआयच्या वर जायचं नाही.

उडवण्याआधी प्रत्येक बाटलीची चाचणी करा. काठोकाठ पाणी भरून ९० पीएसआयपर्यंत दाब द्या. पाणी दबत नाही, त्यामुळं फुटली तरी तुकडे उडत नाहीत, नुसती चिरते. बाटलीवर पांढरी घडी दिसली तर ती टाकून द्या.

पंख तीन, सनबोर्डचे, ८ बाय १० सें.मी., तळाशी. ग्लू गननं चिकटवू नका, गरम गोंदानं बाटली आकसते आणि नेमकी तिथंच फुटते. दोन्हीकडनं चिकटणारी फोम टेप, वरून ब्राऊन टेप. नाकाला अर्धा रबरी चेंडू आणि आत ६०-७० ग्रॅम शाडू. मग बाटली जिथं तोलून राहते तिथं दोरी बांधून डोक्याभोवती फिरवा. नाक पुढं ठेवून फिरली तर ती सरळ उडेल. आडवी किंवा उलटी फिरली तर शाडू वाढवा, पंख मोठे करत बसू नका.

शिट्टी जत्रेत मिळते ती प्लॅस्टिकची, आत मणी नसलेली. पंचाची मण्याची शिट्टी इथं चालत नाही, तिला जास्त दाब लागतो. पिपाणीही नको, तिच्यात पत्ती असते. फुंकायचं तोंड रॉकेटच्या नाकाच्या दिशेनं ठेवून शिट्टी बाटलीच्या कडेला टेपनं बसवा, खिडकी, म्हणजे आवाज निघतो ते भोक, बाहेरच्या बाजूला. २५ मीटर वेगाला समोरच्या हवेचा दाब साधारण ३७५ पास्कल होतो, हलकं फुंकल्यासारखा. तेवढ्यावर शिट्टी स्वच्छ वाजते. वेग १० मीटरवर आला की दाब ६० पास्कल, म्हणून टोकाला पोचताना ती गप्प होते. खाली येताना रॉकेटची शेपूट नाकाच्या मागं असेल तरच पुन्हा वाजते. तो आवाज ऐकला की सगळ्यांनी वर बघायचं आणि बाजूला व्हायचं.

किल्लेवाला_येळ्ळूर

खूप आभार. पोरांनी तोलाची चाचणी करून शाडू ७० ग्रॅम ठेवला, ६० पीएसआयला सरळ उडतंय. पण तीनपैकी दोन वेळा शिट्टी वाजलीच नाही, आणि एकदा निम्म्यात बंद पडली. वेगवेगळ्या लांबीच्या दोन शिट्ट्या एकत्र लावल्या तर?

खानापूर_कार्यशाळा

शिट्टी तळाकडं, पंखांजवळ बसवलीय ना? सुटताना पाण्याचे शिंतोडे उडतात आणि खिडकीत थेंब अडकतो. तेवढा एक थेंब हवेची पात फोडतो आणि सूर जातो. शिट्टी बाटलीच्या वरच्या अर्ध्या भागात घ्या, दर वेळी फुंकून आणि झटकून मगच लावा. दुसरं, टेप गुंडाळताना खिडकीची कड झाकली गेली नाही ना, ते बोटानं चाचपून बघा.

दोन शिट्ट्या लावा की! समोरासमोर बसवा, म्हणजे तोल जात नाही. बंद नळी करणार असाल तर ८ आणि साडेसात सें.मी. घ्या. सूर साधारण १०८० आणि ११५० येतील, दोन्ही मिळून आवाज खरखरीत होतो आणि लांबवर ऐकू जातो. नळीचं मागचं टोक एम-सीलनं पूर्ण बंद झालं पाहिजे. सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी शिट्टी नुसती सूं सूं करते.