‘हजार रुपये द्या, रक्ताचा तुटवडा संपेल’ : या सूचनेला उत्तर

निळाथेंब :
उन्हाळ्यातील रक्तटंचाईवर येथे झालेल्या चर्चेत रोखठोक यांनी लिहिले होते की, दात्याची चहा-बिस्किटांवर बोळवण करून त्याच पिशवीचे दीड हजार रुपये उकळले जातात. हे ढोंग सोडून दात्याला सरळ हजार रुपये द्यावेत, म्हणजे मे महिन्यातील तुटवडा आठ दिवसांत संपेल. त्याखाली पडलेल्या टाळ्या पाहून राहवले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

मी १९८८ साली रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून रुजू झालो, म्हणजे आपण सुचवता ती व्यवस्था मी दहा वर्षे डोळ्यांनी पाहिली आहे. दात्याच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडायचा. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, तरंगला तर माणूस परत, अशी ती साधी परीक्षा होती. एक गृहस्थ दर पंधरा-वीस दिवसांनी निरनिराळ्या नावांनी येत. त्यांच्या कोपराच्या खोबणीत सुयांचे इतके व्रण होते की शीर शोधताना बोटाला खडबडीत लागे. थेंब तरंगला की ते अजिजीने म्हणत, “साहेब, दुसऱ्या बोटाचा घ्या, हे बोट गार पडलंय.” अशा माणसाला ‘मागील वर्षात कावीळ झाली होती का’ असे विचारून खरे उत्तर मिळेल, असे आपल्याला वाटते काय? विषाणू शरीरात शिरल्यानंतरचे काही दिवस तो कोणत्याही चाचणीत सापडत नाही, आणि त्या दिवसांपुरते रुग्णाचे रक्षण फक्त दात्याच्या खऱ्या उत्तरावर अवलंबून असते. पैसे दिले की नेमके तेच उत्तर आपण विकत घेतो.

राहिला दीड हजारांचा प्रश्न. सरकारी रक्तपेढीला पिशवीमागे ११०० आणि खाजगी पेढीला १५५० रुपये ही २०२२ साली ठरलेली कमाल मर्यादा आहे. ती पिशवी, शीतसाखळी आणि एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग व मलेरिया यांच्या चाचण्या यांसाठी आहे. ती रक्ताची किंमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदाते बंद झाले, ते उगाच नव्हे.

रोखठोक :
बंद झाले, हे वाचून हसू आले. सहा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांची शस्त्रक्रिया पुण्यात होती आणि आमचे सगळे नातेवाईक लातूरकडचे. प्रक्रिया शुल्क भरूनही ‘दोन बदली रक्तदाते आणा’, म्हणजे घेतलेल्या रक्ताच्या बदल्यात रक्त देणारी माणसे आणा, असे सांगण्यात आले. फाटकासमोरच्या टपरीवाल्याने न विचारताच दोन मुले उभी केली, प्रत्येकी अडीच हजार रुपयांत. फॉर्मवरील ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात दोघांनीही ‘पुतण्या’ असे लिहिले, म्हणजे कागदोपत्री मला दोन चुलतभाऊ आहेत ज्यांची नावे मी त्या दिवसानंतर उच्चारलेली नाहीत. बाजार बंद झालेला नाही, तो फाटकाबाहेर गेला आहे आणि त्याचा दलाल आता टपरीवर बसतो.

दुसरे असे की, या साखळीत फुकट काम करणारा फक्त एकच आहे. तंत्रज्ञाला पगार आहे, पिशवीच्या कंपनीला नफा आहे; रक्तपेढीत उरलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील पिवळसर द्रव, ठरलेल्या सरकारी दराने कारखान्यात जातो आणि त्यातूनच निघालेल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या छोट्या बाटलीसाठी रुग्णाला हजारो रुपये मोजावे लागतात. दात्याने मात्र संतपदाला पोहोचावे! कायद्याच्या पुस्तकात रक्त हे ‘औषध’ आहे. जगात दुसरे कोणते औषध असे आहे, ज्याचा कच्चा माल पुण्य म्हणून मागितला जातो?

तिसरामजला :
हजार रुपये द्यावेत की नाहीत यावर आपण दोघे भांडत आहात, पण आमच्या भागात दर तर केव्हाच ठरलेला आहे. नेत्याच्या वाढदिवसाचे शिबिर असेल तर मिक्सर, निवडणूक जवळ आली असेल तर हेल्मेट, आणि नेता नुकताच पक्ष बदलून आला असेल तर थर्मास. एकाच रविवारी एकाच चौकात चार रक्तपेढ्यांच्या गाड्या लागतात आणि फलकावर पिशव्यांचा विक्रमी आकडा झळकतो. तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट तर अवघे पाच दिवस. त्या पिशव्यांपैकी किती गटारात जातात, याचा फलक मी आजवर पाहिलेला नाही.

कार्यकर्ता९६ :
शिबिरांना नावे ठेवण्याची ही नवी फॅशन आहे. २०२० मध्ये महाविद्यालये आणि कार्यालये बंद पडली तेव्हा रक्त कोठून आले? मंडळांनी दिले. लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला आणि रक्तदानाबरोबर प्लाझ्मादानही घेतले. आम्ही उन्हात मांडव घालतो, लोकांना घरातून बोलावून आणतो, आणि कोणी आनंदाने एखादी भेटवस्तू दिली तर ती लाच कशी होते? तिसरामजला यांनी स्वतः शेवटचे रक्तदान केव्हा केले, हे कळले तर चर्चेला बरे पडेल.

तिसरामजला :
मार्चमध्ये, एकेचाळिसाव्यांदा, कार्ड पाहण्यास घरी यावे, चहा मिळेल, मिक्सर मिळणार नाही. आणि आता विषय काढलाच आहे तर ऐका. दोन वर्षांपूर्वी आपल्यासारख्याच एका मांडवात मी रांगेत होतो आणि माझ्या पुढचा मुलगा फॉर्म भरताना मित्राला विचारत होता की, दिवाळीनंतर झालेली कावीळ लिहायची का. मित्राने उत्तर दिले, “लिहिलीस तर मिक्सर गेला.” त्याने ती लिहिली नाही. मी डॉक्टरांना जाऊन सांगितले, तेव्हा मुलाला परत पाठवण्यात आले आणि संयोजकांपैकी एकाने मला ‘कार्यक्रमाला गालबोट लावू नका’ असे सुनावले. ही भेटवस्तू आहे की किंमत, ते आपणच ठरवावे.

कार्यकर्ता९६ :
एका मुलावरून हजारो दात्यांना खोटे ठरवणे हा त्यांचा अपमान आहे. आमच्या मंडळात या वर्षीपासून फक्त प्रमाणपत्र आणि रोप दिले जाते. (संख्या निम्म्यावर आली, हेही प्रामाणिकपणे सांगतो.)

ओहायोकर :
पैसे दिले की सगळेच नासते, हे विधान फार ढोबळ आहे. अमेरिकेत मी राहतो त्या गावात जुन्या किराणा दुकानाच्या जागेत, कपडे धुण्याच्या दुकानाला लागून, एक प्लाझ्मा केंद्र आहे. सकाळी सहापासून रांग असते आणि मोबदला कार्डावर जमा होतो. येथे सात दिवसांत दोनदा प्लाझ्मा देता येतो आणि जगातील औषधी प्लाझ्मापैकी सर्वांत मोठा हिस्सा असाच गोळा होतो. हे चालते, कारण प्लाझ्मावर कारखान्यात विषाणू मारण्याची प्रक्रिया करता येते. तांबड्या पेशींवर ती तशी करता येत नाही, म्हणून पैसे देऊन घेतलेल्या संपूर्ण रक्ताच्या पिशवीवर १९७८ पासून तसा शिक्का बंधनकारक आहे आणि रुग्णालये ती घेत नाहीत.

अर्थात ही प्रक्रिया येण्यापूर्वी काय घडले, तेही लिहायला हवे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत येथील तुरुंगांतून आणि झोपडवस्त्यांतून पैसे देऊन घेतलेल्या प्लाझ्मापासून बनलेले औषध ब्रिटनमधील हिमोफिलियाच्या (रक्त न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांना टोचले गेले. दूषित रक्त आणि अशी औषधे यांमुळे तेथे एकूण तीस हजारांहून अधिक लोकांना एचआयव्ही वा काविळीची लागण झाली आणि चौकशीचा अहवाल यायला मे २०२४ उजाडले. रांगेत उभी असलेली माणसे कोणत्या वस्तीतील असतात, हे मी दर शनिवारी कपडे धुताना पाहतो, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही.

निळाथेंब :
ओहायोकर यांचा प्लाझ्मा आणि पेशी हा भेद मला मान्य आहे. मी तो करायला हवा होता.

रोखठोक यांच्या दोन चुलतभावांची हकीकत खोटी आहे असे म्हणण्याची माझी छाती नाही, कारण असे फॉर्म मीच भरून घेत असे. समोरचा ‘पुतण्या’ रुग्णाचे आडनाव चुकवी आणि मी मान खाली घालून लिही, कारण आत शस्त्रक्रिया थांबलेली असे. बदली रक्तदान हा लपवलेला व्यापार आहे, एवढे मी कबूल करतो. पण त्यावरून व्यापार उघड करा, हा निष्कर्ष निघत नाही. २००८ मध्ये गोरखपूरला मजूर माणसांना खोल्यांत कोंडून त्यांचे रक्त काढून विकणारी टोळी सापडली. भाव नसता तर त्यांना कोणी कोंडले नसते.

रोखठोक :
बंदी नसती तर कोंडावे लागले नसते, असेही म्हणता येते. बंदी येऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.

दर२१दिवस :
मी येथे सहसा लिहीत नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला थॅलेसेमिया, म्हणजे शरीरात पुरेसे रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार आहे आणि दर एकवीस दिवसांनी रक्त चढते, म्हणजे वर्षाला सतरा वेळा. या मुलांना रक्त मोफत आणि बदली दात्याशिवाय द्यावे असा सरकारचा नियम आहे. तरीही मे आणि दिवाळीत ‘कोणी तरी आणता का बघा’ हे वाक्य आम्हाला ठरलेले आहे. रोखठोक यांना मी विचारते की, तुमचे हजार रुपये वर्षातून सतरा वेळा कोणाच्या बिलात येणार? तुम्ही एका पिशवीच्या धोक्याचा हिशेब करता, मला तो जन्मभराचा करावा लागतो. पिशवी आली की मी तिच्यावरचा क्रमांक आणि तारीख वाचते. बाकी काहीच मला कळू शकत नाही. तो दाता मिक्सरसाठी आला असला तरी माझी तक्रार नाही, पण त्याने फॉर्मवर खरे लिहिलेले असावे.

रोखठोक :
ताई, तुमच्यासमोर हजाराचा आकडा मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला रक्तदानासाठी पगारी रजा मिळते आणि तिला कोणी किंमत म्हणत नाही. नाक्यावरच्या मजुराने त्याच दिवसाची मजुरी मागितली की तो धंदेवाईक ठरतो. निळाथेंब यांनी याचे उत्तर द्यावे.

निळाथेंब :
बुडालेला दिवस भरून द्यायला माझी हरकत नाही, पण तो थेंब बुडाला तरी आणि तरंगला तरी सारखाच द्यावा. परत पाठवलेल्यालाही तेवढेच मिळणार असेल तर खोटे बोलण्याचे कारण उरत नाही. हे कोणती पेढी परवडवून घेईल, ते मला विचारू नका.

रोखठोक :
म्हणजे इतक्या परिच्छेदांनंतर आपण पैसे द्यायला तयार झालात, याची नोंद घेतो. पुढच्या वेळी ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात मी ‘अडीच हजार रुपये’ असे लिहून देईन. पाहू, कोणती रक्तपेढी तो फॉर्म परत करते.