देवनारच्या कचरावेचक बायकांचा पैसा नेमका गळतो कुठे?

गोवंडीकर: मुंबईतल्या देवनार डम्पिंगला (शहराचा कचरा टाकायच्या मैदानाला) लागून असलेल्या वस्तीतल्या १५ कचरावेचक बायकांचा गट बांधायचाय. माल म्हणजे पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा, थोडी तार. सगळा एकाच गोणीत विकला जातो. वेगळा करून विकला तर फरक पडेल का? सुरुवात कुठून करावी?

काटेकोर: पडेल, पण आधी भंगाराच्या दुकानाचा वजनकाटा बघा. रिकामा असताना शून्य दाखवतोय ना? मग १ लिटरच्या १० सीलबंद पाण्याच्या बाटल्या ठेवा. वजन १० किलोच्या थोडं वर यायला हवं. साडेनऊ आलं तर १०० किलोमागे सातेक किलो माल फुकट गेला. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन विभागाचा (वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) दरवर्षीचा शिक्का लागतो, तोही पाहा.

आता माल. बाटलीचं झाकण आणि मानेभोवतीचं कडं काढायचं, ते प्लास्टिक वेगळं असतं. शंका आली तर तुकडा कापून पाण्यात टाका: झाकणाचा तरंगतो, बाटलीचा बुडतो. पारदर्शक, रंगीत आणि तेलाच्या बाटल्या एकत्र करू नका. दुधाची पिशवी धुऊन वाळवल्याशिवाय बांधली की आंबते आणि भाव पडतो. पुठ्ठा ओला असेल तर दुकानदार पाण्याचं म्हणून वजन कापतो, आणि ते अंदाजाने, म्हणजे स्वतःच्या सोयीने. पावसाळ्यात ताडपत्रीइतकीच खालच्या फळीचीही गरज असते, कारण ओल खालून चढते.

तार जाळू नका. सोललेल्या तांब्यापेक्षा जळक्याला भाव कमी, आणि वरच्या आवरणाचा धूर विषारी.

पूर्व_उपनगर: सगळं बरोबर, पण मुळात मालच आटलाय त्याचं काय? जानेवारी २०१६ च्या आगीनंतर डम्पिंगच्या आत शिरणं अवघड झालं, आणि मुंबईचा बहुतेक कचरा आता कांजूरमार्गच्या डम्पिंगला जातो. गटाने सोसायट्यांचा सुका कचरा धरावा. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था २००८ पासून पालिकेशी करार करून घरोघरी जाते. घरटी शुल्क मिळतं, वर सुक्या मालाची विक्री. इथे आधी दोन-तीनच सोसायट्या घ्या. वार, वेळ आणि माल निवडायची जागा लेखी ठरवा. जागा नसेल तर सगळं रस्त्यावर येतं आणि आठवड्याभरात तक्रार होते.

कागदपत्रे: पालिकेच्या ओळखपत्राचा अर्ज लगेच करा, कचरावेचकांच्या नोंदणीची तरतूद २०१६ च्या घनकचरा नियमांत आली. कचरावेचकांच्या मुलांसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे: घरून शाळेत जाणाऱ्याला वर्षाला ३५०० रुपये, जातीची अट नाही. मात्र व्यवसायाचा दाखला लागतो आणि बँक खात्याला आधार जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर पालिका दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयाची औषधं मोफत असतात.

गोवंडीकर: बहुतेकींनी दुकानदाराकडून उचल घेतलीय. भाव दुसरीकडे चांगला मिळाला तरी माल तिथेच घालावा लागतो.

काटेकोर: मग खरी गळती तीच. व्याज कुठे लिहिलेलं नसतं, ते भावातूनच वळतं होतं. प्रत्येकीची बाकी आधी वहीत लिहून काढा, दुकानदाराच्या वहीशी ताडून. सगळ्यांची एकदम फेडायला जाऊ नका. सर्वात लहान बाकी गटाच्या बचतीतून मोकळी करा. तिचा माल दुसऱ्या दुकानात गेला की वाढीव पैशातला ठरलेला वाटा पुढचीच्या बाकीसाठी. आणि औषधपाण्यासाठी गटाकडे थोडी रोकड वेगळी ठेवा, नाहीतर पहिल्याच आजारपणात ती पुन्हा त्याच दुकानात उचल मागायला जाईल.