कांगेर घाटी: गुहा आणि धबधबा एकाच फेरीत जमेल का?

उनाड_पावलं:
दिवाळीनंतर दोन दिवस छत्तीसगडमधल्या जगदलपूरला मुक्काम आहे. कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातली कुटुमसरची गुहा आणि तीरथगडचा धबधबा दोन्ही बघायचंय. एक जण म्हणतो पावसाळ्यातच जा, दुसरा म्हणतो पावसाळ्यात गुहा बंद. कुणाचं ऐकू? सोबत आई (वय ६८, गुडघे कुरकुरतात) आणि नऊ वर्षांचा लेक.

सागाचं_पान:
दोघांचंही खरं आहे. पावसात गुहेत पाणी शिरतं म्हणून ती बंद असते, आणि धबधब्याला तेव्हाच जोर असतो. मी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेले होते, दोन्ही मिळालं. तीरथगड ९१ मीटरचा, पण एका झेपेत कोसळत नाही, खडकाच्या टप्प्याटप्प्यांवरून उतरतो. पाणी ओसरलं की ते टप्पे नीट दिसतात.

कुटुमसर चुनखडीची. तोंड इतकं अरुंद की माझी सॅक अडकली, ती काढून पुढच्याच्या हातात दिली तेव्हा कुठे सरकले. आत थंडगार असेल म्हणून स्वेटर चढवून गेले होते मी शहाणी! दमट, घामाच्या धारा. वाटाड्या सोबत असतोच, त्याच्या मागे राहा, जमीन निसरडी आहे. डबक्यात आंधळे मासे असतात, बोटाच्या दोन पेरांएवढे, फिकट. पिढ्यान् पिढ्या अंधारात राहून डोळे जवळजवळ गेलेले. लेकाला ते आधी सांगू नका, तिथेच बघू दे. आणि लोंबत्या चुनखडीला हात लावू देऊ नका. हाताच्या तेलकटपणानं तिची वाढ थांबते. खालच्या काही अशाच काळ्या पडल्यात.

रानवेडा:
आईंना गुहेत अजिबात नको. तीरथगडलाही वरूनच पाहू द्या, खाली जायच्या पायऱ्या परतीला जीव काढतात. त्यांच्यासाठी चित्रकोटचा धबधबा ठेवा. तो उद्यानाबाहेर, इंद्रावती नदीवर, आणि गाडीतून उतरलं की फार चालावं लागत नाही.

उनाड_पावलं:
दोघांचे आभार. म्हणजे एक दिवस गुहा-तीरथगड, दुसरा चित्रकोट. पहाडी मैना दिसते का हो? छत्तीसगडचा राज्यपक्षी ना तो? लेकानं यादीत पहिला लिहिलाय.

सागाचं_पान:
मला दिसली नाही. झाडीतून एक शीळ आली, वाटाड्या म्हणाला, "मैना." मी लगेच मान डोलावली. सकाळी लवकर जा, दुर्बीण न्या.