लोकगीतांचा कार्यक्रम लावणारा आणि रेकॉर्ड करणारा एकच माणूस असावा का?

प्रश्न: नागपुरात वऱ्हाडी-झाडीबोली गाण्यांचा तिकीट कार्यक्रम लावून त्याचं रेकॉर्डिंगही विकायचं आहे. पडद्यामागची ही दोन कामं एकट्याला झेपतात का?

उत्तर १: झेपतात भाऊ, पण हिशेब वेगळे ठेवा. अमेरिकेतल्या राल्फ पीअर या रेकॉर्डिंगवाल्याचंच पाहा. १९२७ मध्ये तिथल्याच ब्रिस्टल गावी त्यानं कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स हे लोकगीतं गाणारे गायक रेकॉर्ड केले. गायकांना तबकडीच्या एका बाजूचे ५० डॉलर मिळत. पीअरची खरी कमाई मात्र गाण्यांच्या प्रकाशन हक्कांतून, म्हणजे शब्द आणि चालीच्या मालकीतून. म्हणून तालमीआधीच कागद करा: मानधन किती, रेकॉर्डिंगचे हक्क कोणाकडे, रॉयल्टी किती टक्के. पारंपरिक गाण्याला मालक नसतो, नव्या चालीला असतो. भांडणं तिथंच होतात.

उत्तर २: परवान्याचं विसरू नका. गाणी कोणाच्या मालकीची असतील तर मंचावर गायलाही आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना लागतो. मध्यंतरात पेनड्राइव्ह लावला की ध्वनिमुद्रणाचा आणखी वेगळा. उघड्यावर रात्री १० नंतर भोंगा बंद. रेशीमबागचं सुरेश भट सभागृह मोठं आहे; पहिल्याच खेपेला ते घेऊन रिकाम्या खुर्च्या कशाला मोजायच्या? लहान हॉल बघा.

उत्तर ३: रेकॉर्डिंग मिक्सरच्या स्टिरिओ आउटमधून, म्हणजे हॉलच्या स्पीकरला जाणाऱ्या एकत्र आवाजातून, घेऊ नका. हॉलमध्ये ढोलकी तशीही ऐकू येते, म्हणून साउंडवाला तिचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली ठेवतो. रेकॉर्डिंगमध्ये ती गायब. प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर घ्या, रेकॉर्डरचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. शिवाय प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन माइक, नाहीतर टाळ्या डब्यात वाजल्यासारख्या येतात.